कोंबड्याच्या पायाचं ताट

पास्कल तुस्कानोला त्या ताटापासून काय काय मिळवायचं होतं ते आधी मांडून ठेवतो, म्हणजे पुढे त्याचं तोंड का उतरलं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

एक तर नाव. मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात, पांढऱ्या पुठ्ठ्यावर छापलेलं: राजोडीचे श्री. पास्कल तुस्कानो यांजकडून भेट. पास्कलकडे केळीची वाडी होती, पानमळा होता, दोन रहाट होते, आणि त्याची सुकेळी आगाशीच्या बाजारात हातोहात जात. नव्हतं ते जुनेपण. त्याचा आजा कुठून तरी येऊन दुसऱ्याच्या वाडीत राबायला लागला, हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं प्रत्येकजण पास्कलला अधूनमधून जाणवून देई.

दुसरी गोष्ट, दांडा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाच्या सणाची मिरवणूक निघते. फादर पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, हातात घेऊन चालतात आणि त्यांच्या डोक्यावर चार दांड्यांचं रेशमी छत्र धरतात. त्यातला पुढचा उजवा दांडा जुन्या घराण्याकडे असायचा. मागचा दांडा कुणालाही मिळतो. तो धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही, तोच सगळ्यांकडे बघत चालतो. पुढचा उजवा म्हातारा सायमन कित्येक वर्षं धरत आला होता. १९५३ साली सायमनच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि ती जागा रिकामी झाली.

तिसरी गोष्ट पास्कल बायकोजवळसुद्धा मोठ्याने बोलत नसे. ती ताटाच्या पाठीवर होती.

आमच्याकडे लग्न निघालं की एका घरची भांडी कधी पुरत नाहीत. आळीतली सगळी ताटं, बश्या, वाडगे मांडवात गोळा होतात. लग्नानंतर कुणाचं कोणतं हे ओळखू यावं म्हणून प्रत्येक घराने आपल्या भांड्याच्या तळाला एक खूण काढलेली असते. लिहिता-वाचता येणारे तेव्हा थोडे, म्हणून अक्षरं नाहीत, चित्रं. सायमनकडे मासा. तुस्कानोंकडे अर्धा चंद्र. आणि शेजारच्या मचाडोंकडे कोंबड्याचा पाय: पुढे तीन रेघा, मागे एक. खूण काढायची ती होडीच्या लाल रंगाने. त्याचं कारण उघड आहे. जो रंग समुद्राला दाद देत नाही तो राखेला आणि काथ्याला काय देणार?

दुसरा नियम असा की मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. काहीतरी घालून द्यायचं. वाटीत चिमूटभर साखर चालते, बशीत दोन फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, चालतात.

पास्कलच्या लग्नाला त्याच्या आईने कार्मिन मचाडोचं मोठं ताट मागून आणलं. पांढऱ्यावर निळी नक्षी, मधे पूल, पुलावर दोन पक्षी, आणि आकार असा की लहान मूल त्यात बसवून आंघोळ घालावी. लग्न पार पडलं. बाकी भांडी फुगे घेऊन घरोघर गेली. मोठं ताट मात्र पास्कलच्या आईने समोर ठेवलं आणि ती विचार करत बसली. दोन फुगे घातले तर ताट हसणार. भरून घातले तर घर रडणार. मग ठरलं, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाला देऊ. मग नाताळला. मग कार्मिनच्या कोंबड्यांनी तुस्कानोंची केळीची रोपं उकरली आणि दोन्ही बायकांचं बोलणं बंद झालं. ताट द्यायचं तर बोलावं लागणार, मागायचं तरी बोलावंच लागणार. काही वर्षांनी बोलणं सुरू झालं तेव्हा ताट तारेत अडकवून तुस्कानोंच्या भिंतीवर लागलेलं होतं, तोंड लोकांकडे आणि पाठ भिंतीला. "तुजं फुटलं असंल, कार्मिन," पास्कलच्या आईने सांगितलं. "ह्ये आमचं."

दोघी म्हाताऱ्या गेल्या. पास्कलकडे ताट वारशाने आलं आणि कार्मिनची सून लुईझा हिच्याकडे तक्रार वारशाने आली. लुईझा विधवा, वयाने पास्कलपेक्षा थोडी मोठी, जिभेने बरीच. दोघांचं रोजचं बोलणं होतं, देणंघेणं होतं. फक्त त्या भिंतीशी आली की लुईझा म्हणे, "पास्कू, ताटावर लई धूळ बसली. काडून देऊ का पुसून?" आणि पास्कल म्हणे, "धुळीनं रंग टिकतो, लुईझाबाय."

एवढं ठाऊक असलं की पुढचं सोपं आहे.

त्या वर्षी मे महिन्यात फादर आलोशियस यांनी मिस्सा संपल्यावर सांगितलं की मुंबईच्या संग्रहालयातून पत्र आलंय. त्यांना जुनी, शोभेची चिनी मातीची भांडी हवी आहेत, आणि भांड्याबरोबर त्याची गोष्टही. गोष्ट नसलेलं भांडं चालणार नाही.

भांडी बऱ्याच घरात होती. गोष्टींची पंचाईत होती. कुणाच्या कपावर राणीचं चित्र होतं, पण तो कसा आला तर विकत. कुणाची बरणी शंभर वर्षांची होती, पण तिच्यात अजून इंदेल, म्हणजे आंबट शिरक्यातलं डुकराचं मांस, मुरत घातलेलं होतं आणि ते संपल्याशिवाय घरचे द्यायला तयार नव्हते. पास्कल मात्र त्याच दुपारी फादरांकडे जाऊन नाव देऊन आला. ताट मुंबईला गेलं की नाव मिळतं, नावाने दांडा मिळतो, आणि कोंबड्याचा पाय लुईझाच्या नजरेपासून तीस मैल लांब जातो. एका दगडाने तो तीन कैऱ्या पाडत होता.

संग्रहालयाचा माणूस यायच्या आदल्या दिवशी पास्कल आणि त्याची बायको ग्रेसी यांनी दार लावून ताट उतरवलं आणि खूण पुसायला घेतली. राख झाली, रॉकेल झालं. शेवटी ग्रेसीने चिंच चोळली. इतक्या वर्षांची काजळी निघाली आणि कोंबड्याचा पाय काल काढल्यासारखा लालभडक झाला.

"उजळला," ग्रेसी म्हणाली.

"दिसतंय मला. बस कर आता. आनखी घासशील तर आरवंल."

दुसऱ्या दिवशी कारखानीससाहेब आले. पांढरी पँट, हातात भिंग, चेहऱ्यावर भाविकपणा. गेल्या वर्षापर्यंत हे गृहस्थ संग्रहालयात नाण्यांचा विभाग सांभाळत होते. चिनी माती त्यांच्याकडे नुकतीच आली होती. पण उत्साह असा की ओट्यावरच्या पाण्याच्या मडक्यालाही त्यांनी आदराने वळसा घातला.

"बसा साहेब. चाय घ्या," पास्कल म्हणाला. "ताट कुठं पळून नाय जात."

"आधी गोष्ट," कारखानीस म्हणाले. "वस्तू मुकी असते हो. तिच्या वतीने घरच्या माणसानेच बोलावं लागतं."

पास्कलने गोष्ट पाठ केली होती. "पोर्तुगीज राज्याच्या टायमाची गोष्ट. एक कप्तान व्हता. त्याला ताप आला. कशानं उतरंना. तवा माज्या खापरपनजीनं आमच्या पानमळ्यातली पानं गरम करून त्याच्या छातीवर लावली. कप्तान बरा झाला. जाताना म्हनाला, बाई, तुला काय देऊ. आनि ह्ये ताट दिलं."

"वा. खापरपणजींचं नाव?"

नावाचा विचार पास्कलने केला नव्हता. "अना," तो म्हणाला. त्याच क्षणी आतून ग्रेसी म्हणाली, "मारिया."

"मारिया अना," कारखानीसांनी समाधानाने टिपून घेतलं. "आणि साल?"

"साल..." पास्कलने आढ्याकडे बघितलं. "पावसाच्या आदी."

इतक्यात ओट्यावर लुईझा उगवली. हातात रिकामी वाटी. "ग्रेसी, वाईच शिरका दे गो. माजा संपला." शिरका तिच्याकडे बरणीभर होता, हे ग्रेसीला माहीत होतं आणि ग्रेसीला माहीत आहे हे लुईझाला. ती पायरीवर बसली आणि वाटी मांडीवर ठेवून ऐकू लागली.

"चालू दे तुमचं," ती म्हणाली. "कप्तानाला ताप आल्यावर पुढं काय झालं?"

"बरा झाला," पास्कल म्हणाला.

"देवाची कृपा. आनि जेवला काय त्या ताटात? भात का भाकर? नाय, इतकी वर्सं भिंतीला भिंत लावून राहिलो आनि तुमच्यात कप्तान येऊन गेला ह्ये आमच्या कानावर नाय. म्हनून विचारते."

कारखानीसांना हा प्रश्न फार आवडला. "खरंच, काय जेवत असेल?" ते पास्कलला म्हणाले.

"तापात काय जेवनार साहेब. पेज."

"एवढ्या ताटात पेज," लुईझा म्हणाली आणि मान हलवत राहिली.

मग कारखानीसांनी ताट तारेतून सोडवलं आणि खिडकीशी नेऊन एकदम पालथं केलं. नाण्यांत आयुष्य गेलेला माणूस. वस्तू हातात आली की उलटी करायची हे त्याच्या बोटांनाच ठाऊक. पास्कलचे डोळे मिटले. लुईझा पायरीवरून उठली. पण दारात ग्रेसी चहाचा ट्रे घेऊन येऊन उभी राहिली होती. ग्रेसी चांगली रुंद आणि दार अरुंद. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या अंगाचा पास्कलला एवढा आधार कधी वाटला नव्हता.

"अरे वा," कारखानीस हळूच म्हणाले. त्यांनी भिंग लावलं. "ही खूण तुम्ही कधी पाहिली होती?"

"नाय साहेब. आमी ताटाच्या मागं कदी बघत नाय. बरं दिसत नाय."

"चिनी कुंभाराची सही आहे ही. पुढे तीन रेषा, मागे एक. आणि लाल. लाल रंगात अशी खूण मी कुठल्याच पुस्तकात पाहिली नाही."

"म्हंजे खराब काय?"

"खराब? दुर्मीळ आहे, तुस्कानो. अतिशय दुर्मीळ."

"कसली खून, साहेब?" ग्रेसीच्या खांद्यामागून लुईझाचा आवाज आला.

"साहेब, सुकेळी खावा," पास्कल म्हणाला आणि उत्तर द्यायला उघडलेल्या तोंडात त्याने एक अख्खं सुकेळं सारलं. आमच्याकडची सुकेळी चिवट असतात. कारखानीसांचं चावून होईपर्यंत पास्कलने ताट केळीच्या सोपटात गुंडाळून, पेंढा भरून, टोपलीत घालून, वरून सुतळी आवळली होती. लुईझा वाटी घेऊन परत गेली. शिरका न्यायची तिला आठवण राहिली नाही.

पावसाळ्यात कप्तान वाढू लागला. आधी त्याला ताप होता. ऑगस्टपर्यंत साप चावला. पानमळ्यातली पानं वाढली, कप्तानाचं गलबत वाढलं, मारिया अनाच्या हातात गुण आला. पास्कल फादरांच्या दारावरून दिवसातून एकदा तरी सहज जाई आणि सहजच थांबे.

"फादर, जुन्या घरान्यांचं कसं असतं..."

"हो हो," फादर आलोशियस म्हणत. ते सावध गृहस्थ होते. "आधी ताट लागू दे कपाटात. बघू तर खरं."

"मग बघायलाच चला ना," पास्कल म्हणाला. "मोतमाउलीच्या जत्रेला वांद्र्याला आपुन जातोच. आदी पुढं संग्रहालयात जाऊ, येताना मोतमाउली. सगळी आळी घेऊन."

हे त्याचं स्वतःचं डोकं. कुणी सुचवलं नव्हतं. उलट त्याने घरोघर जाऊन आमंत्रण दिलं, आणि मोठेपणाच्या लहरीत लुईझाच्या ओट्यावरही गेला. ताट कपाटात म्हणजे पाठ फळीवर. आता कोण उचलून बघणार?

"लुईझाबाय, तुमीबी या. तुमच्या फेबियनला आना. इंग्लिश वाचून दाकवंल."

फेबियन म्हणजे लुईझाचा एकुलता एक मुलगा. शाळेत मास्तर, स्वभावाने गरीब. आईने कुठे चल म्हटलं की तो आधी छत्री शोधायचा.

सप्टेंबरात आम्ही सगळे गेलो. संग्रहालयाच्या त्या थंड, उंच दालनात आळीची माणसं चर्चमध्ये शिरल्यासारखी आवाज खाली करून शिरली. चपला काढायच्या का असं दोघांनी विचारलं. कपाटांमागून कपाटं गेली: फुलदाण्या, सुरया, हिरवे वाघ, हात तुटलेली एक बाई. आणि मग ते दिसलं. वर छोटा विजेचा दिवा, काचेची फळी, त्यावर पूल, पुलावर दोन पक्षी. भिंतीवर इतकी वर्षं पाहिलेलं ताट इतकं देखणं आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारा सायमन तर हळूच क्रूस करून मोकळा झाला.

"वाच, फेबियन," पास्कल म्हणाला. त्याने नवीन कोट घातला होता आणि तो कपाटाच्या बाजूला असा उभा होता की ताट बघताना त्यालाही बघावं लागे.

फेबियन चष्मा सारखा करून, पुठ्ठ्यावरचं इंग्रजी मराठीत सांगू लागला. "निळ्या नक्षीचं मोठं ताट. चीन. एका पोर्तुगीज कप्तानाने राजोडीच्या मारिया अना तुस्कानो यांना कृतज्ञतेने दिलेलं. श्री. पास्कल तुस्कानो यांजकडून भेट."

लोकांनी माना डोलावल्या. फादरांनी पास्कलच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यावर आम्ही पुढच्या कपाटाकडे गेलो असतो तर ही गोष्ट तिथेच संपली असती, आणि पास्कलच्या मताने ती फार चांगली गोष्ट झाली असती.

"अजून एक ओळ आहे," फेबियन म्हणाला. "तळाशी कुंभाराची अतिशय दुर्मीळ खूण. खाली आरशात पाहावी."

फळी काचेची होती हे पास्कलने पाहिलं होतं. ती का काचेची होती हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. नाणं दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे, ही कारखानीसांची जुनी सवय. त्यांनी फळीखाली तिरका आरसा बसवला होता आणि आरशावर वेगळा दिवा सोडला होता.

आम्ही सांगितलेलं ऐकणारी माणसं. बसा म्हटलं की बसतो, गुडघे टेका म्हटलं की टेकतो. आरशात पाहावी म्हटल्यावर सगळी आळी वाकली.

मग बराच वेळ कुणी वर आलं नाही.

"काय दिसतंय?" सायमनने विचारलं. त्याला वाकता येत नव्हतं. "काय हाय सांगा की कोनतरी."

लुईझाने चष्मा काढला, लुगड्याच्या पदराने पुसला, परत लावला. "फेबियन, ती वळ परत वाच. कुंभाराची काय?"

"दुर्मीळ खूण, आई."

"दुर्मीळ. व्हय," लुईझा म्हणाली. "माज्या सासूनं सायमनच्या होडीचा रंग मागून आनला आनि माडाच्या हिरानं काडली. काडून वाळत ठेवली तर कोंबडीनं येऊन खरोखरचा पाय दिला. तो बघ बाजूला डाग. सासू म्हनायची, एका घरात दोन सह्या झाल्या."

"रंग माजा?" सायमन म्हणाला.

"तुजाच."

सायमनने पुठ्ठ्याकडे पाहिलं. "मग माजं नाव कुठं हाय?"

पास्कलचा नवीन कोट त्याला एकदम ढगळ झाला. आणि नेमके त्याच वेळी दालनाच्या टोकाकडून कारखानीस हात पसरून आले. "आलात? सगळे आलात? खूण पाहिलीत ना? मी तिच्यावर एक लेख लिहितोय."

आळीने लुईझाकडे पाहिलं. पास्कलने जमिनीकडे पाहिलं. एका वाक्याने त्याचं नाव पुठ्ठ्यावरून जायचं होतं, आणि ते वाक्य लुईझाच्या जिभेवर तयार बसलेलं आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"लई सुंदर, साहेब," लुईझा म्हणाली. "आरसा लावलात ते लई बरं केलंत. नायतर मागची बाजू कोन दाकवतो?"

फादर आलोशियस अजून आरशात बघत होते. बिशप आले की ज्या मोठ्या भांड्यातून ते सूप वाढत, त्याच्या तळाला एक लाल मासा आहे, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या आठवलं होतं.

परतताना मोतमाउलीच्या टेकडीवर पास्कलने लुईझाला गाठलं. दोघांच्या हातात मेणबत्त्या, पुढे लांब रांग.

"लुईझाबाय, मी साहेबांना सांगून ताट परत आनतो."

"राहू दे तिथं. माज्या घरात असा दिवा नाय."

"मग नाव तुमचं घालायला सांगतो."

"आनि तुज्या मारिया अनाला कुठं पाठवशील? बिचारी आत्ताच जन्माला आलीय." रांग एक पाऊल पुढे सरकली. "पास्कू, मागून आनलेलं ताट परत कसं देतात?"

"भरून."

"माजी सासू ताटाला नाय रडली. ती म्हनायची, तुस्कानीण भरायला घाबरली."

"ग्रेसी उद्याच फुगे करील. ताटभर. दोन ताटं भरून."

"फुगे तुज्या आयनं दिले असते तर घेतले असते. आता ताट मुंबईत बसलंय, वर दिवा, खाली आरसा. त्याला शोभंल असं भर."

तिची नजर पुढे गेली. पास्कलची तिच्या मागोमाग गेली. पुढे फेबियन उभा होता, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात छत्री, आणि वाऱ्याने मेणबत्ती विझू नये म्हणून छत्री उघडावी की काय या विचारात.

"फेबियन?" पास्कल म्हणाला.

"पुडचा उजवा," लुईझा म्हणाली.

"आई, मला नको," फेबियन मागे वळून म्हणाला. "तो फार जड असतो. आणि वारा लागतो."

"तुला कोन विचारतंय? तू मेनबत्ती सांबाळ."

चार दिवसांनी पास्कल फादरांकडे गेला. फादर म्हणाले, "ये. दांड्याचंच बोलायचं होतं. मी तुझाच विचार करत होतो." खरं सांगायचं तर यातलं सगळ्यात महाग वाक्य हेच. पास्कलने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फेबियन मचाडोला द्या, फादर. जुनं घरानं हाय."

फादरांनी का म्हणून विचारलं नाही. सुपाच्या भांड्याचा मालक ज्याला सापडलाय तो माणूस दुसऱ्याला का म्हणून विचारत नसतो.

इकडे आळीत वेगळंच सुरू झालं होतं. जत्रेहून आल्या आल्या प्रत्येक बाईने घरातलं चिनी मातीचं भांडं न् भांडं पालथं केलं. सायमनकडे दोन अर्धे चंद्र निघाले. तुस्कानोंकडे, कोंबड्याचा पाय मुंबईला गेला तरी, मासे तीन उरले होते. खुद्द लुईझाच्या कपाटात कुणाची तरी चांदणी सापडली. ती तिने तोंड मिटून परत केली. आणि परत करायचं म्हणजे भरून. आठवडाभर आळीतून फुगे, सुकेळी, भाजलेलं डुकराचं मांस, नारळाच्या वड्या अशी ताटं इकडून तिकडे चालत होती. काही ताटं चुकीच्या घरी गेली आणि आणखी भरून परत आली. फादरांच्या घरून सायमनकडे सुपाचं भांडं आलं ते केळ्यांनी भरून. ती केळी पास्कलनेच फादरांना दिलेली होती.

ख्रिस्तराजाच्या सणाला समुद्रावरून असा वारा सुटला की छत्राचं शीड झालं. फेबियनला पुढच्या उजव्या दांड्याने दोनदा रस्त्याच्या कडेला नेलं. लुईझा बाजूने मेणबत्ती घेऊन चालत होती, ताठ, कुणाकडेही न बघता. मागचा डावा दांडा पास्कलकडे होता. फेबियन उजवीकडे वाहत गेला की छत्र सावरायचं काम पास्कलच्या मनगटांना पडे, आणि त्या दोन मनगटांमुळे रेशीम फादरांच्या डोक्यावरून उडालं नाही. तिकडे कुणी बघितलं नाही. मागच्या दांड्याचं तसंच असतं.

संध्याकाळी पास्कल दुखरी मनगटं चोळत लुईझाच्या ओट्यावर येऊन बसला. तिने त्याला चहा दिला. बशीत दोन फुगेही ठेवले.

"एक विचारू?" पास्कल म्हणाला. "तुमच्यात तरी ते ताट कुठून आलं?"

"सासऱ्यानं आनलं. बोटीवर बटलर व्हता. हाँगकाँगची बोट."

"विकत घेतलं?"

"बटलर कदी विकत घेतो काय?"

"मग कप्तानानं दिलं?"

लुईझाने जरा विचार केला. "दिलं असं नाय म्हनता येनार. कप्तानाला बदक वाडलं व्हतं त्या ताटात. त्यानं अर्धं खाल्लं आनि ताट आत पाठवलं. बोट मुंबईला लागली व्हती. सासरा ताट कोटाखाली घेऊन उतरला."

"बदकासकट?"

"आमच्या घरात रिकामं ताट येत नाय," लुईझा म्हणाली.

तेव्हा कुणी काय भरलं त्याचा मेळ असा बसतो. सायमनने बोटभर होडीचा रंग भरला आणि त्याचं नाव अजून कुठे लागलेलं नाही. संग्रहालयाने एक आरसा आणि दोन दिवे भरले. कारखानीसांनी काहीच भरलं नाही. त्यांचा लेख छापून आला आणि त्यात कोंबड्याच्या पायाचा अर्थ बहुधा 'दीर्घायुष्य' असावा असं म्हटलंय. ग्रेसीने पीठ भरलं, फेबियनने खांदा भरला. तो आठ दिवस फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होता. लुईझाने तोंड बंद ठेवलं, आणि तिला ओळखणारे म्हणतात की तिच्या मानाने ती रक्कम मोठी होती. पास्कलने दांडा भरला. पुठ्ठ्यावरचं नाव मात्र त्याचं राहिलं. आणि अख्ख्या ताटाची किंमत, वर अर्धं बदक, हे भरलं कप्तानाने. ताट एका कप्तानाकडून आलं हे त्या पुठ्ठ्यावर छापलंय ते खरंच आहे. फक्त त्याचा देश आणि त्याची इच्छा, एवढ्या दोन बाबतींत छपाई चुकली आहे.